साहेबांचं पार्सल

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि नातू तुला ओळखू लागला का, ते आधी कळव. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. (‘सगळे’ म्हणताना मी तुझं कासव धरलेलं नाही. पत्र त्याच्यासाठीच आहे, तेव्हा बसून वाच.)

तू साहेबांना माझ्या स्वाधीन करून लेकीकडे गेलीस, त्यानंतर पाच आठवडे ते एखाद्या निवृत्त अधिकाऱ्यासारखे वेळेवर जेवत आणि वेळेवर फेरी मारत. मग एका सोमवारी त्यांनी पानाकडे पाहिलं आणि तोंड आत घेतलं. मंगळवारी तोंड बाहेरच काढलं नाही. मी पानं तीनदा धुतली, बारीक चिरली, मग न चिरता ठेवली, माझा चेहरा बघून भूक मरत असेल म्हणून दाराबाहेर जाऊन उभीसुद्धा राहिले. दादाला सांगितलं तर म्हणाला, ‘‘कासव आहे ते, जेवेल निवांत.’’ याला स्वतःला ताट दहा मिनिटं उशिरा मिळालं तर हा घर डोक्यावर घेतो. साहेब मंद झालेत म्हटलं, तर हसला. कासव मंद झालंय हे ओळखायला रोज बघावं लागतं, आत्या. आपल्या घरात बघायचं काम माझ्या एकटीकडे आहे आणि मत द्यायचं काम बाकीच्यांकडे.

मी प्राण्यांच्या डॉक्टरांची नवव्या दिवशीची वेळ घेतली. साधा खोका, तळाला टॉवेल, वर हवेला भोकं, एवढंच करायचं असं त्यांच्याकडच्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं. पण तुझ्या धाकट्या भावाने एकतीस वर्षं पार्सल ऑफिसात काढली आहेत आणि त्याच्या हातून गेलेली काचेची वस्तू कधी फुटली नाही, हे आपण जेवताना ऐकतच मोठे झालो. (तू नाही, तू त्यांच्या आधीच मोठी झाली होतीस.) बाबांनी खोक्यात खोका घातला. दोहोंच्या मध्ये कागदाच्या पट्ट्या भरल्या. चारही बाजूंना बाण काढून ‘ही बाजू वर’ असं लिहिलं. मी आदल्या दिवशी पाडून ठेवलेली बारा भोकं त्यांना नुकसान वाटली, म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावली. मी म्हटलं, बाबा, साहेब श्वास घेतात. त्यावर ते म्हणाले, ‘‘भोकं असलेला माल मी आजवर रवाना केलेला नाही.’’ अर्धा तास वाद झाला. शेवटी त्यांनी साहेबांना बाहेर काढून मोजपट्टी लावून, एका रेषेत, स्वतःची बारा भोकं पाडली. वर सुतळी, आणि सुतळीला ती त्यांची गाठ. मग समाधानाने पेपर वाचायला बसले. बरोबर येण्याची त्यांना गरज वाटली नाही. माल सुटला की त्यांची जबाबदारी संपते.

दादा गाडी काढून उभा होता आणि त्याने डिकी उघडून धरली होती. डिकी! मी खोका मांडीवर घेऊन मागे बसले आणि प्रत्येक गतिरोधकाला फक्त ‘हळू’ म्हटलं. एकूण सतरा वेळा. ऊन ज्या बाजूने यायचं त्या बाजूला मी ओढणी धरली होती. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला तेव्हा दादा म्हणाला, ‘‘मागचे लोक मला शिव्या देतायत. निम्म्या तुझ्या साहेबांना पोचव.’’

दवाखान्यात स्वेटर घातलेला एक कुत्रा होता आणि त्याच्यापेक्षा जास्त धापा टाकणारी त्याची मालकीण. तिने खोक्याकडे बघून विचारलं, ‘‘मिक्सर दुरुस्तीला आणलाय का?’’ डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठ्या. मी बेसिनकडे टक लावून पाहीपर्यंत त्यांनी हात धुतले नाहीत. गाठ सुटेना तेव्हा सरळ कात्री उचलली. मी हात आडवा घातला, कारण सुतळी बाबांची, आणि ते कापलेली सुतळी परत घेत नाहीत. गाठ सोडायला मला अकरा मिनिटं लागली. एका पेशंटला तिथे दहा मिनिटं देतात.

बाईंनी साहेबांना तोललं, पोटाला हात लावला आणि म्हणाल्या, ‘‘ज्यांनी हे बांधलं त्यांना माझा नमस्कार सांगा. प्रवासात याचं केसभर नुकसान झालेलं नाही. जे झालंय ते घरी झालंय. दिवा कोणता लावता?’’

आता दिव्याचं ऐक. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आली तर आली त्याहून चांगली करून परत द्यायची, ही आपल्या घरातली पहिली शिकवण. त्या शिकवणीपायी कुणीतरी साहेबांच्या डोक्यावरचा तुझा काजळलेला पिवळा दिवा काढून तिथे नवा, पांढरा, वीज वाचवणारा लावला होता. त्यात उजेड भरपूर आणि ऊब नावाला नाही. कासवाला बाहेरून ऊब मिळाली नाही तर पोटातलं पचत नाही, आणि पचत नाही म्हणून ते खात नाही. नऊ दिवस साहेब लख्ख उजेडात गारठत होते. एवढी साधी गोष्ट घरात एकालाही कळू नये, याला काय म्हणावं.

जुना दिवा परत लावला आहे. रोज कोमट पाण्यात बसवते. गुरुवारी अर्धं पान खाल्लं. नातवाला पापा.

तुझी भाची

ता. क. वर ‘कुणीतरी’ लिहिलं आहे, ती मी. दादा आणि बाबा दोघेही त्या खोलीत कधी फिरकत नाहीत.

ता. क. २. तू चिठ्ठीत साहेबांचं वजन एक किलो दोनशे दहा लिहून ठेवलं आहेस. काट्यावर चाळीस ग्रॅम कमी भरलं. भरून यायला तीन आठवडे लागतील असं बाई म्हणाल्या. तू पुढच्या रविवारी न्यायला येणार आहेस. येऊ नकोस. नातवाला तुझी गरज आहे असं बाकीच्यांना सांग.

ता. क. ३. फोन असताना पत्र कशाला, असं बाबा विचारतायत. त्या नऊ दिवसांत तू दोनदा फोन करून ‘‘खातोय ना गं?’’ विचारलंस आणि मी दोन्ही वेळा हो म्हटलं. ते फोनवर परत घेणं मला जमेना. हे वाचून झालं की आणखी एकदा विचार. आज दोन पानं खाल्ली, तिसरं चावून टाकून दिलं.