कोऱ्या पासपोर्टाची लाज

कुवेत, १२ नोव्हेंबर २००९

प्रिय रिफअतदादास,

वगीहचा नमस्कार. मी सुखरूप पोचलो. वहिनींना नमस्कार, नव्या सूनबाईंना आशीर्वाद. लग्न थाटात झालं, जेवणाला नाव ठेवायला जागा नव्हती. झालं. आता भांडतो.

इद्रीसकाकांना तू हाकललंस, हे वहिनींनी काल फोनवर सांगितलं. बावीस वर्षं आपल्या इमारतीच्या दारात राखणीला बसलेला माणूस! दारूच्या एका बाटलीसाठी? माझ्यासमोर त्यांची खोली उचकलीस तेव्हा वाटलं होतं, चार दिवसांत तुझा राग उतरेल.

मुळात त्या बाटल्या आल्या कशा? विमानात माझ्या शेजारी फिक्रियाबाई म्हणून एक म्हातारी होती. कैरोत उतरताना म्हणाली, "बाळा, तू काही घेणार नसशील तर तुझ्या पासपोर्टावर माझ्या जावयासाठी दारूच्या दोन बाटल्या घे ना. परदेशातून आलेल्यालाच बिनकराची मिळते, पासपोर्टावर शिक्का मारून. कोरा कशाला न्यायचा?" मी तोंडावर सांगितलं, "मावशी, मी दारुडा आहे. चौदा महिने थेंब घेतलेला नाही. त्या दुकानात पाय टाकला तर मेलो." मग माझं कोपर घट्ट धरून तिनं मला ड्यूटी फ्रीच्या दुकानासमोरून ओढतच बाहेर आणलं. "जावई गेला खड्ड्यात," म्हणाली.

आणि तू? सख्खा भाऊ! विमानतळाबाहेर मिठी मारायच्या आधी पासपोर्ट मागितलास. "कोरा? अरे, व्याही काय म्हणतील? कुवेतहून आला नि हात हलवत?" उतरल्यापासून दोन दिवस शहरातही तशी बाटली घेता येते, म्हणून घरीही न नेता थेट तिथल्या ड्यूटी फ्री दुकानात नेलंस. मी म्हणालो, "दादा, नको रे." तर म्हणे, "तुला कोण प्यायला सांगतंय? सही तर करायचीय!" आणि गाडीत पिशवी ठेवलीस ती माझ्याच मांडीवर. तीन बाटल्या. घरापर्यंत त्या एकमेकींवर आपटत होत्या आणि तू नवरदेवाच्या सुटाबद्दल बोलत होतास. दारू मिळत नाही म्हणून मी या वाळवंटात नोकरी धरली, हे तुला ठाऊक नव्हतं?

लग्नाच्या दिवशी सगळे चर्चमध्ये असताना मी रक्तदाबाची गोळी विसरलो असं सांगून घरी परतलो. गोळी खिशातच होती. दार इद्रीसकाकांनी उघडून दिलं. तासाभरानं मला जिना उतरता येईना, तेव्हा त्यांनीच धरलं, तोंड धुवायला लावलं, लिंबू चोखायला दिलं, टॅक्सीत बसवलं. नंतर एक बाटली कमी भरली, तेव्हा तू त्यांना चोर म्हणालास. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी काय केलं? टाय सैल करत उभा राहिलो.

तुझा संताप येतो दादा, पण माझी मला किळस येते.

त्यांच्या गावी जा, माफी माग, त्यांना परत आण. तू म्हणशील, घराण्याची अब्रू जाईल, हे पत्र जाळून टाकू. खुशाल जाळ. हेच पत्र, याच शब्दांत, मी आज सकाळी इद्रीसकाकांच्या पत्त्यावर टाकलंय. त्यांची मुलगी त्यांना वाचून दाखवील, आणि मी तिला सांगितलंय की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाच.

बाटली चोरणारा,
तुझा धाकटा भाऊ
वगीह