ताईसाठी आणलेला टब

क्रिवी ब्रेस्त,
चेरी संपल्या, आलुबुखार अजून हिरवे आहेत.

ती. स्तामेनाताईस,

देसिमिरचा नमस्कार आणि तीन मुके (डावा गाल, उजवा गाल, पुन्हा डावा. तिकडे स्वीडनमध्ये तुम्ही एकमेकांना लांबूनच मान हलवता म्हणे. ती सवय येताना पुलाच्या पलीकडेच ठेवून ये, नाहीतर गाव म्हणेल हिला गर्व झालाय). तुझी कंबर काय म्हणते? आमचं इकडे सगळं ठीक. म्हणजे क्रूनाला पित्त झालंय, माझी दाढ ठणकतेय, बकरी आटलीये आणि आपल्या थोरल्या बंधुराजांच्या कपाळाला टाके पडलेत. एवढं सोडलं तर काळजीचं काही नाही. टाक्यांचं पुढे येईलच.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर तू आम्हा दोघा भावांची नावं घातलीस, त्यामुळे पोस्टमन बिचारा अंगणाच्या मधोमध उभा राहून इकडे बघतोय, तिकडे बघतोय. शेवटी त्याने ते माझ्या बायकोच्या हातात कोंबलं आणि पळ काढला. मग क्रूनाने ते अंगणातच मोठ्याने वाचलं, म्हणजे मी माझ्या पायरीवर बसून ऐकलं आणि मिलेंतियेने त्याच्या पायरीवर बसून 'मी ऐकत नाहीये' असं तोंड करून ऐकलं. संत इलियाच्या सणाला यायचं म्हणतेस, इथवर सगळं छान होतं. पण 'तुम्हाला अडचण होणार असेल तर मी तालुक्याच्या हॉटेलात उतरेन' हे वाक्य आलं आणि क्रूनाने कागद खाली केला. "हॉटेलात? का, आपण सगळे मेलो का?" एवढंच म्हणाली, पण अशा आवाजात की कोंबड्या कुंपणावर चढल्या. (त्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर हल्ली सिमेंटची पोती ठेवतात आणि खालच्या मजल्यावर मालकाची सासू. तू ठरव.)

तर तू विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं. पहिला, पुलापासून वर कसं यायचं. बस अजून पुलापर्यंतच येते. चढ चढायचा प्रयत्न तिने एकदा केला होता, तेव्हा आतल्या अख्ख्या वऱ्हाडासकट ती उलटी खाली आली आणि नवरीने लग्नाचा विचार बदलला. तेव्हापासून ल्युबिसावचा ट्रॅक्टर लोकांना वर आणतो. तुझ्या कंबरेचं ऐकून त्याने ट्रॉलीत बंद पडलेल्या सिनेमाघरातली एक खुर्ची ठोकून बसवलीये, लाल मखमलीची. फक्त उठताना जपून ऊठ, बसायची फळी मागून उडून फटका देते.

दुसरा प्रश्न, कुणाकडे उतरायचं. भिंतीचं तुला ठाऊक आहेच, तरी पुन्हा लिहितो, कारण मिलेंतियेने तुला वेगळंच लिहिलं असणार. बाबांची दारू गाळायची तांब्याची भट्टी त्याने त्याच्या मेव्हण्याला वापरायला दिली आणि ती पोचा पडून परत आली. मी एकच शब्द बोललो. त्याने दोन ऐकवले. त्यावर मी जे बोललो ते मी तुला पत्रात लिहू शकत नाही, आणि त्याच आठवड्यात त्याने घराच्या मधोमध भिंत घातली. अशी घातली ताई, की चूल माझ्याकडे आणि धुराडं त्याच्याकडे. जिना माझ्याकडे आणि माळा त्याच्याकडे. एवढंच काय, पुढचा मोठा दोन झडपांचा दरवाजा, ज्यातून बाबा बैल लावलेली गाडी आत घेतील अशी आईला भीती वाटायची, त्याची एक झडप त्याला आणि एक मला. तेव्हापासून मी माझ्या घरात आडवा होऊन शिरतो. (क्रूनाचं जेवणही त्याला कारण आहे, पण मुख्य कारण भिंत.)

बोलणं तर बंदच होतं. काही सांगायचं झालं की तो समोर दिसत असतानाही मी म्हणायचो, "क्रूना, त्याला सांग." तोही म्हणायचा, "क्रूना, त्याला सांग." आणि क्रूना सांगायची, पण तिच्या पद्धतीने. मी 'गाढव' म्हटलं की ती तिकडे 'जरा शांतपणे विचार करा म्हणतायत' असं पोचवायची. त्यामुळे इतकी वर्षं आमचं भांडण झकास चाललं होतं आणि कुणालाच फारसं लागत नव्हतं.

तुझ्या पत्राने मात्र ते पेटलं. "क्रूना, त्याला सांग, ताई माझ्याकडे राहणार." "क्रूना, त्याला सांग, मी थोरला आहे." "क्रूना, त्याला सांग, त्याच्याकडे चूलसुद्धा नाही." "क्रूना, त्याला सांग, धुराड्यात पोतं कोंबलं तर त्याच्याकडेही नाही." दुपारपर्यंत तिने ऐकून घेतलं. मग तिने तुझा तिसरा प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचला, की ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बसून, कोमट पाण्यात बुडूनच आंघोळ करायला सांगितलीये, तर तसा टब कुणाकडे आहे का. आणि म्हणाली, "हे बघा भावजी, आणि तुम्हीही बघा. टब ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे ताई. आता मला कुणी काही सांगायचं नाही." आणि आत गेली.

मी शांत डोक्याने वाइनचं जुनं पिंप घेतलं, अर्धं कापलं आणि माजघरात मांडलं. तुझ्याआधी आपण बसून बघावं म्हणून गरम पाणी भरून बसलो. सुख म्हणजे काय ते मला थोडा वेळ कळलं. मग पिंपाच्या पट्ट्या सुटल्या. पिंप फुलासारखं उमललं, मी त्यात मधोमध, आणि सगळं पाणी भिंतीखालून मिलेंतियेच्या बाजूला गेलं. पलीकडून आवाज आला, "क्रूना, त्याला सांग, माझे बूट तरंगतायत." माझी युक्ती त्याला कळली ती अशी.

तो तालुक्याला गेला. तिथे जुनं स्नानगृह पाडतायत, त्यातला एक टब त्याने उचलला. ओतीव लोखंडाचा, सिंहाच्या पायांचा, गाभण म्हशीएवढा जड. ल्युबिसावच्या ट्रॉलीवर चढवला खरा, पण बांधायला दोर कुणी आणला नव्हता. तेव्हा बंधुराज म्हणाले, माझंच वजन पुरे, आणि स्वतः टबात बसले. ऊन होतं म्हणून वर छत्री. बाजाराचा दिवस, सगळं गाव रस्त्यावर, आणि हा टबात बसून राजासारखा वर येतोय. मी गुत्त्याबाहेर बसलो होतो. मी पेल्यात बघत राहिलो, पण पेल्यातसुद्धा तोच दिसत होता.

चर्चच्या वळणावर ट्रॉलीची मागची फळी उघडली.

टब आधी हळूच मागे सरकला, परवानगी मागितल्यासारखा. मग सुटला. ताई, आपला उतार तुला माहीत आहे. मिरच्यावाल्या बायकांमधून गेला, बदकांच्या खुराड्याला घासून गेला. पाद्रीबाबांनी हात वर केला, तो थांबवायला की आशीर्वाद द्यायला हे त्यांनाही सांगता येत नाहीये. मिलेंतिये दोन्ही हातांनी कडा धरून ओरडत होता आणि छत्री एकटीच मागून येत होती. बायका म्हणाल्या, काय रुबाबात चाललाय बघा. मग टब खालच्या ओढ्यावर पोचला, काठावरून उडाला आणि चिखलात रुतून बसला. आवाज असा झाला की चर्चमधली घंटा आपोआप वाजली असं लोक म्हणतात. मी ऐकली नाही, कारण तोवर मी धावत होतो.

माझा दुखरा गुडघा, दाढ, भट्टीचा पोचा, काही म्हणजे काही आठवलं नाही. ओढ्यात उतरलो. तो टबात आडवा पडलेला, डोळे मिटलेले, कपाळावरून रक्त येतंय. आणि एक हात टबाबाहेर लोंबत होता, बाबांना शेवटचं अंथरुणावर पाहिलं तेव्हा लोंबत होता तसाच. मी त्याला गदागदा हलवलं. "दादा! ए दादा, जिवंत आहेस का?"

त्याने एक डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "क्रूना, त्याला सांग, आहे."

क्रूना वरच होती, अजून उतारावरून येत होती. मी तिथेच पाण्यात बसलो. ल्युबिसाव सगळ्यांना सांगत फिरतोय की देसिमिर रडत होता. ल्युबिसावला लांबचं दिसत नाही, हे फळी उघडली तेव्हाच सिद्ध झालंय.

डॉक्टरने टाके घातले, टब अर्ध्या गावाने मिळून वर ओढला, आणि दारात आल्यावर कळलं की तो माझ्या अर्ध्या दारातूनही जात नाही आणि त्याच्या अर्ध्या दारातूनही जात नाही. उभा केला, आडवा केला, ल्युबिसाव म्हणाला तेल लावा. तेल लावलं, तर ल्युबिसावच घसरला. मग सगळे भिंतीकडे बघायला लागले. मी म्हटलं, त्याने बांधली, त्याने पाडावी. तो म्हणाला, वाळू देसिमिरच्या अंगणातली चोरली होती, तेव्हा अर्धी भिंत त्याचीच आहे. (हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.) आम्ही यावर बोलत असतानाच मागे धाडकन आवाज झाला. क्रूनाने कुदळ घेतली होती. "बोला, बोला," म्हणाली, "तुमचं होऊ द्या," आणि दुसरा घाव घातला. नंतर लाज वाटून आम्हीही हात लावला. संध्याकाळच्या आत दोन्ही झडपा उघडल्या. इतकी वर्षं मिटलेला तो दरवाजा असा कुरकुरला की आईच आत कुणाला तरी रागावतेय असं वाटलं. मिलेंतियेही थांबून ऐकत होता.

टब भिंतीच्या जागीच बसलाय. त्यापुढे तो हलत नाही आणि आम्हीही हलवत नाही. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की आंघोळीला तुझं डोकं दादाकडे राहील आणि पाय माझ्याकडे. क्रूना चारी बाजूंनी पडदा शिवतेय. बाकी तू कुठेही झोप, घर एकच आहे.

तुझ्या तब्येतीला जप. शेजारपाजारच्या सगळ्यांनी तुला विचारलंय, ज्यांनी विचारलं नाही त्यांची नावं तू आल्यावर सांगेन.

तुझा धाकटा,
देसिमिर

ता. क. दादा पाठीमागे उभा राहून वाचतोय. त्याचं म्हणणं, तो पडला नाही, 'उतरला'. आणि एक ओळ त्याला स्वतःच्या हाताने लिहायचीये:
ताई, हा काहीही लिहितो. डोकं कुठे आणि पाय कुठे हे अजून ठरलेलं नाही. माझ्या बाजूला खिडकी आहे. मि.

ता. क. दुसरा. या खिडकीवरून आज सकाळी आमचं पुन्हा वाजलं. आता मध्ये भिंत नाही आणि क्रूनाही मध्ये पडत नाही, त्यामुळे 'गाढव' शब्द थेट गाढव म्हणूनच पोचतो. क्रूना पडदा अर्धा टाकून बहिणीकडे विश्रांतीला गेलीये. स्वयंपाक आम्ही दोघं करतो. भट्टीला पोचा आहे, पण चालते.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं म्हणजे यासाठीच लिहायला घेतलं होतं. टबाला बूच नाही. स्नानगृहवाले म्हणतात ते आधीच कुणीतरी नेलं. आम्ही बटाटा लावून पाहिला, मक्याचं कणीस लावून पाहिलं, बरणीचं झाकण लावून पाहिलं. शेवटी दादाने टाच लावून धरली आणि मी बसलो, पण हे तुझ्या आंघोळीला शोभणार नाही. तालुक्यात त्या मापाचं बूच मिळत नाही. तुमच्याकडे सगळं मिळतं म्हणे. खाली भोकाभोवती पेन्सिल फिरवून माप काढलंय. (दुसरं वर्तुळ दादाने काढलंय, त्याच्या मते माझं चुकलंय. दोन्ही मापांची घे.)

ल्युबिसाव म्हणतो, एवढंसं बूच, पोस्टाने मागव, आठवड्यात येईल. ताई, पोस्टाने पाठवू नकोस. आम्ही दोघांनी ठरवलंय. खिशात घाल आणि स्वतः घेऊन ये.