दाराशी ठेवलेली खुर्ची

३ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी ११
ताईचा फोन. माझी ही मोठी बहीण सहसा कुणाच्या तरी आजारपणाची बातमी द्यायला फोन करते, म्हणून मी आधी खाली बसलो आणि मग उचलला. म्हणाली, तुझी लेक येऊन जाणार आहे. पाच वर्षांनी! अठ्ठावीस तारखेला ती, जावई आणि छोटी कायमचे परदेशी चाललेत, त्याआधी एक दिवस येईल. कुठला दिवस, विचारलं. ताई म्हणाली, ते ती मुद्दाम सांगत नाहीये. सांगितलं तर बाबा भाषण तयार करून ठेवतील.
हा निव्वळ आरोप आहे. पण असो. गेली एकवीस वर्षं चर्चमधल्या मोठ्यांच्या रविवारच्या वर्गात मी दहा कुमारींचा दाखला शिकवतोय. दहा जणी दिवे घेऊन वराची वाट बघतात. पाच जणींकडे जादा तेल असतं. बाकीच्या पाच ऐनवेळी तेल आणायला पळतात आणि तेवढ्यात दार बंद होतं. तयार कसं राहायचं हे मला कुणी शिकवायला नको.
संकल्प: रोज सहाला दाढी. दिवसभर इस्त्रीचा शर्ट. घराबाहेर पाऊल नाही. भाषण नाही. (मुद्दे चालतील.)

४ ऑक्टोबर, मंगळवार
खुर्ची दाराशी आणून ठेवली. बसल्या जागेवरून कडी हाताला लागते.
९.१० बेल. एका झटक्यात दार उघडलं आणि दोन्ही हात पसरले. विजेचा मीटरवाला होता. दोन पावलं मागे सरकला. रीडिंग घेतलं, वहीत सही मागितली. सही बघून म्हणाला, छापल्यासारखी आहे. मी म्हटलं, चाळीस वर्षं पाट्या रंगवल्यात. या भागातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या. म्हणजे होत्या. आता सगळे प्रिंट लावतात.
मुद्दे: दीड पान.

५ ऑक्टोबर, बुधवार
झालं काय होतं ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोकं मोकळं होईल. लेकीने मला न विचारता लग्न केलं आणि संध्याकाळी दोघं दारात आले. मी दार उघडलं नाही. आतूनच म्हणालो, मी तुला ओळखत नाही. हे वाक्य माझं नव्हतं, दाखल्यातलं होतं. मूर्ख कुमारींना तो वर हेच म्हणतो. त्यामुळे मी रागाच्या भरात बोललो असं कुणी म्हणू शकत नाही. पुन्हा ही बेल वाजवू नकोस, असंही म्हणालो. ते मात्र माझं स्वतःचं.
तिचा नंबर ताईकडे आहे. मागितला नाही. वाट बघणाऱ्याने फोन करायचा नसतो.

७ ऑक्टोबर, शुक्रवार
नातीसाठी पाटी करायला घेतली. पांढऱ्या बेसचे दोन हात दिले, कडेने निळी पट्टी. मधे तिचं नाव येणार. नाव काय ते मला माहीत नाही. ताईला विचारलं. म्हणाली, लाज वाटत असेल तर लेकीलाच विचार, वाटत नसेल तरी तिलाच विचार. ताईचा स्वभाव पहिल्यापासून असाच आहे.
पाटी सुकत ठेवली. मधली जागा कोरी.

९ ऑक्टोबर, रविवार
वर्ग होताच. टाळला असता तर एकवीस वर्षांचं रेकॉर्ड मोडलं असतं. वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांना माझ्या खुर्चीत बसवून गेलो. एका तासाचा धडा सतरा मिनिटांत संपवला. तेवढ्यातही वर्गातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी हात वर केलाच. म्हणाल्या, सर, वाट बघता बघता तर दहाही जणी झोपल्या होत्या, शहाण्यासुद्धा. मग जागं राहण्याचं एवढं कौतुक कशाला? मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे, पुढच्या रविवारी बघू.
धावत घरी आलो. पोस्टमास्तर खुर्चीत घोरत होते. म्हणाले, कुणी आलं नाही. यांना कसं कळलं?

१२ ऑक्टोबर, बुधवार
आज बेल चौदा वेळा वाजली. पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा. सर्व्हेवाली. चुकीचं पार्सल. पुन्हा तेच पार्सल. शाळा सुटलेली पोरं, वाजवून पळाली. पोस्टमास्तर, कोणी आलं का विचारायला. दर वेळी हात पसरले जातात, दर वेळी समोरचा दचकतो. पार्सलवाल्याने तर दुसऱ्यांदा पार्सल खालीच ठेवलं आणि लिफ्टची वाट न बघता जिना धरला.
मुद्दे: सहा पानं. पहिल्या पानाचं हेडिंग: 'क्षमा (माझ्याकडून तिला)'.

१६ ऑक्टोबर, रविवार
चर्चच्या पाळकांना फोन करून कळवलं की यापुढे वर्ग घेणार नाही, मी तयारीत आहे. ते म्हणाले, कसली? मी म्हटलं, तुम्हीच विचारताय? ते म्हणाले, पोरीला फोन करा हो. पाळक वयाने लहान आहेत. दाखल्यांचा अभ्यास कमी पडतो.
कंबर धरली आहे. खुर्ची बदलायला हवी, पण बदलताना नेमकी आली तर?

१९ ऑक्टोबर, बुधवार
नऊ दिवस उरले. 'क्षमा (माझ्याकडून तिला)' खोडून 'झालं गेलं' केलं. मग तेही खोडलं. उरलेली पानं बघितली. कुठेही नातीला काय म्हणायचं ते नाही.
डॉक्टर घरी येऊन गेले. अर्थातच बेल वाजवून. प्रेशर मोजलं आणि म्हणाले, काका, धक्के कमी करा. बेल वाजली की तुम्ही अर्धे खुर्चीतून उडता.

२२ ऑक्टोबर, शनिवार
तोडगा सापडला! इतके दिवस कसं सुचलं नाही?
बेलच्या बटणाशेजारी पाटी. मग सेल्समन बंद, सर्व्हे बंद, पोरं बंद, पोस्टमास्तर बंद. आणि त्यानंतर जर बेल वाजलीच, तर ती तिचीच! आपल्या स्वतःच्या घरी येताना पाट्या कोण वाचतं?
तयार बेसची एकच पाटी घरात होती, निळ्या पट्टीची. नातीसाठी नंतर दुसरी करता येईल. लाल एनॅमल, ठळक अक्षर:
कोणीही बेल वाजवू नये.
'कोणीही'ची वेलांटी अशी उतरली आहे की बघत राहावं. वर वार्निशचा हात. चार स्क्रू, भिंतीत चांगले खोल. हात जराही हलला नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार
दोन दिवस एकही बेल नाही. परिपूर्ण शांतता. प्रेशर उतरलं असावं.
भाषण फाडलं. म्हणजे स्वच्छ कॉपी करायची म्हणून फाडलं, पण कॉपी केली नाही. तिला एवढंच म्हणायचंय की चूक माझी होती, त्या दिवशी दार उघडायला हवं होतं, तू जिना उतरून जाताना मी दाराला कान लावून उभा होतो. बास. पाच वर्षांत हे एकदाही लिहिलं नव्हतं. आता लिहिलंय तर खोडत नाही.
तोंडपाठ करायला तीन वाक्यं सोपी आहेत.

२६ ऑक्टोबर, बुधवार
पहाटेपासून खुर्चीत. शर्ट आज नवा.
११.१० बाहेर कुणाचं तरी पोर मोठ्याने विचारत होतं, काय लिहिलंय, काय लिहिलंय. मग एक बाई हळू आवाजात काहीतरी म्हणाली. थोडा वेळ पावलं तिथेच होती. मी श्वास रोखून कडीवर हात ठेवून बसलो, बेल वाजली की उघडायचं. वाजली नाही. गेले. विकायला आले असणार. आजकाल लहान मुलांना बरोबर घेऊन विकतात, म्हणजे आपल्याला नाही म्हणवत नाही.
पाटीचा उपयोग होतोय.

२७ ऑक्टोबर, गुरुवार
उद्या अठ्ठावीस. आली नाही. येईल. दाखल्यात वराला उशीरच होतो, हे मी दर वर्षी सांगतो.
दुपारी शंका आली, बेल बिघडली तर नाही? बाहेर जाऊन तपासायला गेलो. बटणाजवळ बोट नेलं आणि समोर पाटी दिसली. बोट थांबलं. माझीच पाटी, माझीच बेल, तरी वाजवायला धीर होईना. शेवटी वाजवली. चालू आहे.
संध्याकाळी लेकीचा नंबर मागायला ताईला फोन केला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा केला. नऊ वेळा केला. ताईने उचलला नाही.
ये गं. काही बोलणार नाही मी. नुसती ये.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी ९.४०
ताईचा फोन. विमान सातचं होतं. कालपासून ताई त्यांच्याकडेच होती, मुद्दाम उचलला नाही म्हणाली, नाहीतर तू विमानतळावर येऊन उभा राहिला असतास, पोरीला आणखी त्रास.
ती बुधवारी येऊन गेली. अकराच्या सुमाराला. छोटीने विचारलं काय लिहिलंय, तिने वाचून दाखवलं. ताईला म्हणाली, आत्या, तोंडाने बोललेलं बाबा विसरले असतील असं वाटलं होतं. त्यांनी तर ते रंगवून लावलंय. वर वार्निश पण मारलंय. मग म्हणाली, हात अजून स्थिर आहे त्यांचा, तेवढं बघून बरं वाटलं.
मी ताईला सांगितलं, मी दाराला लागूनच बसलो होतो. कडीवर हात होता. तिचं गप्प बसणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी २
त्या शिवणकामवाल्या बाईंना उत्तर द्यायचं राहिलंय. दहाही जणी झोपल्या होत्या, तरी पाच जणी आत गेल्या. मी सव्वीस दिवस जागा होतो.

दुपारी ४
पाटी काढतोय. तीन स्क्रू निघाले, चौथा गोल फिरतोय नुसता. पाटी एका कोपऱ्यावर लोंबकळते आहे. वाचायची तर मान वाकडी करावी लागते.

५.१०
बेल.
धावलो. मीटरवाला. म्हणाला, नवीन मीटर बसवायचाय, या आठवड्यात दोनदा येऊन पाटी बघून परत गेलो, आज वाकडी दिसली म्हणून वाजवली. माझे हात आपोआप पसरले गेले होते. ते खाली घ्यायचं सुचलं नाही. या वेळी तो मागे सरकला नाही. हातातली पिशवी खाली ठेवली आणि उभा राहिला, मी सोडेपर्यंत.
मग मीटर बसवला. वही पुढे केली. मी सही केली, ती ओळ सोडून खाली घसरली. त्याने वही डोळ्यांजवळ नेली, मागची चार तारखेची सही काढून शेजारी धरली, आणि विचारलं, घरात दुसरं कुणी आहे का.