कुठल्याच देशाचं नसलेलं विमान

११ जुलै, शुक्र.
कंटेनर अजून न्हावा शेवालाच. आज पुन्हा कस्टमवाल्यांचा फोन. "मॅडम, साहेबांना द्या." म्हटलं, साहेब नाहीत. मग कधी येतील? कधीच नाही. लग्न केलं नाही मी. विमान मी घेतलंय आणि उडवायचं लायसन्सही माझंच. मग म्हणे, फवारणीसाठी का? नाही बाबा, उडायला.
संध्याकाळी दादा आला, लासलगावचा कांद्याचा लिलाव आटोपून. बसल्या बसल्या तेच, "त्या खेळण्याचं काय झालं?" चहा दिला.

२३ जुलै
जर्मनीने विमान त्यांच्या नोंदीतून काढल्याचं पत्र आलं. त्यांनी काढल्याशिवाय आपले लोक घेत नाहीत, आणि आपले कधी घेतील ते विचारायची सोय नाही. म्हणजे आजपासून माझं दोन सीटचं विमान कुठल्याच देशाचं नाही. बेवारस.
चीड याची येते की कुणालाच घाई नाही. घाई फक्त मला. उजव्या डोळ्यात काचबिंदू. डॉक्टर लायसन्सच्या मागच्या मेडिकलला म्हणाले, या वेळी पास करतो, पुढच्या वेळचं सांगत नाही. पुढची वेळ नोव्हेंबरात. त्याच्या आत एकदा तरी स्वतःच्या विमानातून उडायचंय.

१८ ऑग.
सुटलं एकदाचं. ओझरला भाड्याच्या हँगरमध्ये कंटेनर उघडला. पंख वेगळे बांधलेले, चादरीत गुंडाळून. इंजिनिअर शेख मालेगावहून आले. बोलणं कमी, काम चोख. यांच्या सहीशिवाय पुढे काही हलणार नाही.
दादाला फोटो पाठवला. निळ्या खुणा तेवढ्या उमटल्या.

९ सप्टें.
दिल्लीहून नोंदणीचा अर्ज परत. कस्टमच्या कागदावर विमानावरचा पट्टा 'निळा', माझ्या अर्जात 'गडद निळा'. यावर पगार घेणारी माणसं आहेत. फोनवर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.
दुपारनंतर मात्र मुंबईच्या ऑफिसातून तपासणीची तारीख मिळाली. ७ ऑक्टोबर. तपासणी झाली की नोंदणी, मग उड्डाण. मेडिकलच्या आत बसतंय.

२ ऑक्टो., दसरा
रागात लिहितेय, अक्षर जाऊ दे.
सकाळी पूजेचं ताट घेऊन हँगरवर गेले. दादाकडे जास्तीची किल्ली होती. काल तो येऊन गेलेला, मला न सांगता. पंख्याला झेंडूचा हार. ठीक. चाकाखाली लिंबं. तेही ठीक. आणि मागे शेपटीवर, रडरच्या, म्हणजे वळवायच्या पात्याच्या, दोन्ही बाजूंना, लाल-पिवळ्या ऑइलपेंटने, हे एवढं मोठं: आईची पुण्याई. ट्रॉल्या रंगवणारा पेंटर आणला होता लासलगावचा.
शेखना फोन केला. रडरचं वजन अगदी तोलून ठेवलेलं असतं. एवढ्या रंगाने तोल गेला तर हवेत थरथरून तुटू शकतं. उतरवायचं, रंग काढायचा, पुन्हा तोलायचं. त्याशिवाय सही करणार नाही म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. सात तारीख गेली.
दादाच्या घरी जाऊन वाट्टेल ते बोलले. दोन वर्षं माझी टिंगल केलीस आणि मदत केलीस ती ही. वहिनी आत निघून गेल्या. तो खाली बघत होता. मग म्हणाला,
"मी तर वर येनार नाय तुझ्यासंगं. लय भ्या वाटतं मला. कोनीतरी पाहिजे ना तिथं तुझ्याजवळ."
सोनं न देताच परत आले.

३ ऑक्टो.
राग गेलेला नाही. दादाने आईचं नाव काढलं की मी गप्प बसायचं, हे लहानपणापासूनचं. या वेळी नाही बसणार. त्याला भीती वाटते हे त्याने आधी सांगायचं होतं.
दुपारी रडले. कुणाला सांगण्यासारखं नाही.

२९ ऑक्टो.
तपासणीची नवी तारीख नोव्हें. अखेर. मेडिकल त्याआधी. विनंती केली, तर म्हणे दिवाळीमुळे सगळे मागे पडलेत. फराळ बरा वेळेवर झाला यांचा.
आज रंग काढला. दादा आला होता, न बोलावता. शेख एकेक अक्षर सोलत होते आणि हा शेजारी उभा. 'पुण्याई' आधी गेलं. 'आईची' निघायला वेळ लागला. तेव्हा तो बाहेर जाऊन उभा राहिला. मीही गेले.
निघताना म्हणाला, नापास झालीस तर विकून टाकू. म्हटलं, विकायलाही आधी नोंदणी लागते. आम्ही दोघं हसलो आणि मला पुन्हा संताप आला.

९ नोव्हें., रवि.
मेडिकल बुधवारी.
हँगरवर गेले. तोललेलं रडर शेखनी बसवलंय, पांढरं स्वच्छ. एकटीच विमानात बसले. डावा डोळा हाताने झाकला आणि सरळ समोर बघत राहिले. उजव्या पंखाचं टोक दिसेना. हात काढला, दिसलं. पुन्हा झाकला. नाही.
दादा काचेपाशी येऊन उभा. काय करतीस, विचारलं. म्हटलं, काही नाही. मग दुसऱ्या बाजूने, चप्पल बाहेर काढून, शेजारच्या सीटवर चढून बसला. दरवाजा लावायला जमेना, मी लावून दिला. पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाला,
"उडनार नाय ना आज?"
नाही म्हटलं. परवानगी नाही.
"मग बसतो."