तुम्ही वर केलेली चार बोटं

प्रिय सुईवाले भाऊ,

मेल्यावर तरी तुम्हाला मराठी कळत असेल, या भरवशावर हे पत्र सांगते आहे. मला अक्षर येत नाही, तुम्हाला दिसत नव्हतं. आपल्यात लिहिणारी एकटीच, माझी नात इरा.

आजच का? तुम्हाला जाऊन आठ दिवस झाले. वरच्या तुमच्या फ्लॅटला कुलूप आहे. तरी रोज दुपारी आडवी झाले, की माझ्या पोटावर कुणीतरी टिचकी मारतं. टक, टक, टक. मग जरा थांबून चौथी! हा काय चावटपणा?

किती बोलायचात हो माझ्या दुखण्यावर सुया टोचताना! तुमचं इंग्रजी मला मराठीत सांगून इरा थकायची. या उपचाराच्या सुया चीनहून तुमच्या जपानला आल्या, तेव्हा जाड होत्या म्हणे. पुढे तुमच्यासारख्याच एका आंधळ्या वैद्याने नळीची युक्ती रुळवली: सुई नळीत, वरून टिचकी, डोळ्यांचं कामच नाही! मग आंधळ्यांनीच ही विद्या हातोहात पुढे नेली. तिथल्या सरकारला विलायती डॉक्टर आवडू लागले, तरी सोडली नाही. "नळीने चूलही फुंकता का?" मी चिडवायची. तुम्ही खो-खो हसायचात.

चीनचे वैद्य नाडीवर जास्त विसंबतात, जपानी मात्र पोट चाचपायला शिकले, हेही तुम्हीच सांगितलंत. कशाला शिकले! त्या दिवशी पोटावर हात ठेवून विचारलंत, "मुलं किती?"

"तीन."

तुम्ही चार बोटं वर केलीत.

"अंकल राँग लाह!" अंकल चुकले, असं इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणून इरा हसली. मीही हसले, आणि पुन्हा तुमच्याकडे आले नाही. तुम्ही निरोप धाडलेत, मी गुडघ्याचं निमित्त केलं. रागावलात का?

तुमचं बरोबर होतं, भाऊ. माझी पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. बारशाआधीच, म्हणून नावही नाही. सासूबाई म्हणाल्या, "तिचा विषय काढायचा नाही." साठ वर्षं नाही काढला. आमचे हे गेले, तेही गप्पच. तुमच्या बोटांना कुणी सांगितलं?

इराचं पेन थांबलंय. "आजी, पप्पांना माहीत आहे?"

नाही गं. लिही तू.

वचन देते, भाऊ. आज मुलगा ऑफिसातून आला, की चहाआधीच सांगेन: तुला मोठी बहीण होती. मग आम्ही तिघं मिळून तिचं नाव ठेवू. बारशाला ते बाळाच्या कानात सांगतात. खरं तर आत्याचा मान. पण तिच्याजवळ आता तुम्हीच आहात. तेवढं सांगाल ना?

तुमच्या खालच्या मजल्यावरची,
सुमनआजी