काचेखाली तानाबाई

६ एप्रिल
पुन्हा घसरला! डबीत कार्बन डायऑक्साइड पाच टक्के हवा, आणि मीटर साडेतीनवर. द्रव गुलाबीचा जांभळा व्हायला लागला की माझा जीव खालीवर — असाच राहिला तर पेशी मरतात. सूक्ष्मदर्शकावर बसवलेल्या डबीचं झाकण ढिलं, वर एसीचा झोत थेट तिच्यावर. पुठ्ठा आडवा लावला. तेव्हा कुठे आकडा पाचावर आला.

या पेशी हिंगणीच्या तानाबाईंच्या. ऑपरेशनच्या आधी परवानगी मागायला गेले तर म्हणाल्या, "पोरी, तो गाठीचा तुकडा तुमच्यापाशी जिता राह्यते का?"
"प्रयत्न करू."
"मंग जपजो."
फेब्रुवारीत गेल्या.

९ एप्रिल
पाच. दिवसभर पाच!

१५ एप्रिल
तानाबाईंचा मुलगा योगेंद्र आला. दारातच उभा. "ताई, मायचं काही हाय म्हने तुमच्यापाशी. पाह्यता येईन का?"

नियमात बसत नाही. दाखवलं. पडद्यावर एक पेशी गोल झाली, मधोमध आवळली, तिच्या दोन झाल्या. त्याने हात जोडले.
"जिती हाय न माय!"
नाही म्हणायला हवं होतं. मी पडदा त्याच्याकडे आणखी वळवला.

२३ एप्रिल
जोडून सुट्ट्या आल्या होत्या. आज जाऊन बघते तर गॅसची नळी सांध्यातून निसटलेली. सिलिंडर रिकामा, मीटर शून्यावर, द्रव जांभळा. तिथेच बसून रडले.

मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला — जिवंत! काचेला घट्ट चिकटून, आधीपेक्षा जास्तच. बाई मेल्यावरही हट्ट सोडेना.

२४ एप्रिल
नवा सिलिंडर लावला. वायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत डबीत जातो. तो आवाज आज ऐकवेना. वॉर्डात तानाबाईंच्या ऑक्सिजनची बाटली अशीच बुडबुडायची. खोलीत मी एकटी, तरी दोनदा मागे वळून पाहिलं.

२६ एप्रिल
माझ्या पीएचडीच्या गाईड स्वरदा मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्या म्हणाल्या, "सरिता, रुग्णाच्या गाठीतून आलेल्या पेशी इतक्या चिवट नसतात. गॅस नसताना टिकल्याच कशा? ओळख तपासून घे."

तानाबाईंचं जपून ठेवलेलं रक्त आणि या पेशी — दोन्ही डीएनए जुळवायला पाठवले. मॅडमचा राग आला. त्यांनी कुठे तानाबाईंना पाहिलंय!

१४ मे
जुळत नाही.

या तानाबाई नाहीतच. शेजारच्या कपाटात वाढवतो त्या चिवट पेशी — परदेशातल्या कुण्या बाईच्या, ती बाईही कधीच गेलेली. एखादा थेंब या डबीत उडाला असेल. तेवढा पुरतो. त्या भराभर वाढल्या, आणि तानाबाईंच्या पेशी त्यांच्या शेजारीच मरून गेल्या. कधी, ते कळायला मार्ग नाही. बहुतेक योगेंद्र यायच्याही आधी. आणि मी रोज त्या आकड्यावर डोळे लावून कुणाला जपत होते?

१५ मे
योगेंद्रचा फोन. "ताई, रविवारी बहिणीले घेऊन येतो. लय रडून राह्यली ते. माय हाय न अजून?"

"हो," म्हटलं. "या."