बाबा प्रवासात आहेत

३ ऑगस्ट

परत तुर्कूला आले. चार दिवसांसाठी. आई म्हणाली, "तुझे चार दिवस की कॅलेंडरचे?" माझ्या पलंगावर बाबांचं मासेमारीचं सामान झोपलंय. त्याला उठवलं नाही, शेजारी झोपले.

५ ऑगस्ट

घरात वाद! बाबा सप्टेंबरात पासष्टचे होतात. नेहमीसारखंच ठरवून बसलेत — पेपरात एक ओळ द्यायची: 'टोर्स्टी केट्टुला, ६५ वर्षं. प्रवासात.' म्हणजे कोणी केक घेऊन दारात येऊ नये. इथे निम्मं गाव हेच करतं. पण बाकीचे निदान कुठेतरी जातात तरी. बाबा पन्नाशीला पेपरात प्रवासात होते आणि प्रत्यक्षात स्वयंपाकघरात, पडदे ओढून. मी आठ वर्षांची. आम्ही गार सॉसेज खात बसलो आणि घंटा वाजली की बाबांचं बोट ओठांवर. बाहेर बाबांच्या जहाजबांधणी यार्डातली माणसं. त्यांचे मुकादम काउकोकाका दाराच्या टपालफटीतून ओरडले, "टोर्स्टी, तुझे मोजे दिसतायत!" बाबा हलले नाहीत. शेवटी ते लोक कोळंबीचा खारा केक पायपुसण्यावर ठेवून गेले. तीन दिवस तोच जेवलो.

आई: "या वेळी खोटं छापायचं नाही. खरंच जायचं. जहाजानं."

बाबा: "जहाजं पाहिलीत मी."

पाहिलीत! आयुष्यभर जोडलीत. इथून निघालेल्या कितीतरी मोठ्या प्रवासी जहाजांच्या पोटात बाबांचं वेल्डिंग आहे. पाहुणा म्हणून मात्र एकावरही पाय ठेवला नाही. जूनमध्ये निवृत्त झाले, तेव्हापासून बाल्कनीची कडी चार वेळा दुरुस्त केलीय.

आई: "सायमी निवडेल. फिरलेली आहे ती."

वैक्कोदादा, टाम्पेरेहून फोनवर: "सायमी? तिनं आजवर पुरी केलेली एक गोष्ट सांगा."

कोणाला सुचली नाही. मलाही.

६ ऑगस्ट

पैसे उन्हाळी घराच्या छपरासाठी ठेवलेले होते. आई म्हणते, छप्पर आणखी एक हिवाळा काढेल. म्हणजे माझं चुकलं तर छप्परही गेलं आणि प्रवासही. आणि दादा जन्मभर ऐकवेल ते वेगळंच.

९ ऑगस्ट

तीन दिवस नुसती चित्रं बघतेय. सगळ्या जहाजांवर तेच जोडपं हसतंय — पांढरे दात, पांढरे बूट. बाबांचे दात असे नाहीत.

मध्येच पेंग्विनांबद्दल वाचत बसले. दक्षिण ध्रुवाकडेही जहाज जातं! भाडं पाहिलं. पेंग्विन बंद केले.

१० ऑगस्ट

आज वेगळं केलं. जहाजं बाजूला ठेवली आणि त्या दोघांकडे बघत बसले. मंगळवारी दुपारी तीन वाजता ही दोघं जहाजावर काय करतील? हा एकच प्रश्न. आईला नाचायचंय — टँगो, खऱ्या वाजवणाऱ्यांबरोबर. बाबांना गप्प बसायचंय. पण एकटं नाही. आई नाचताना दिसेल अशा जागी गप्प बसायचंय. आणि सौना हवा — तापल्या दगडांची वाफखोली, कपडे काढून बसायची.

असं लिहून काढलं की सोपं वाटतं. जहाज मात्र एकही बसेना.

इंग्रजांचं एक होतं — जेवायला सूट घालावा लागतो. बाबांचा सूट एकच, तो मयताला घालायचा. नॉर्वेच्या किनाऱ्याचं बाबांना चालेल, पण तिथे बँड नाही, आणि नॉर्वेतल्या कॉफीचे दर मला ठाऊक आहेत, मी तिथे मासे कापलेत. स्टॉकहोमची रात्रबोट सगळ्यात स्वस्त. पण तो प्रवास नाही, तरंगतं दुकान आहे. आई म्हणाली, "जिन्यावर पिऊन पडलेली पोरं ओलांडून मी टँगो करणार नाही."

१३ ऑगस्ट

दादाचा हुकूम: "बाबांनी बांधलेल्या त्या सगळ्यात मोठ्या जहाजावरच पाठव. यात विचार काय करायचाय?"

खरं तर मलाही पटलं. आतली, बिनखिडकीची खोली घेतली तर परवडतंयही. बाबांना सांगितलं नाही. उद्या नवं जहाज चाचणीला निघतंय, तिथे किनाऱ्यावरच सांगेन.

१४ ऑगस्ट

रुइस्सालोच्या खडकांवर अर्धं शहर. थर्मास, वेलदोड्याचे पाव, लहान पोरं खांद्यांवर. जहाज आलं तसं सूर्य झाकला गेला! भोंगा वाजला आणि बाबांनी टोपी काढली. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुम्ही होतात का त्यावर कामाला?" बाबा म्हणाले, "थोडासा." थोडासा! मला ओरडून सांगावंसं वाटलं.

मग म्हटलं, "बाबा, अशाच एकावर पाहुणे म्हणून गेलात तर?"

बाबांनी टोपी परत घातली. मग, "मी भिंतींचे सांधेच बघत फिरेन गं. तुझी आई एकटी नाचेल."

ते जहाज बाद. दादाला कळवलं. तो म्हणाला, "बघ, सोडलंस ना अर्ध्यात."

१८ ऑगस्ट

कंपन्यांना फोन करतेय. प्रश्न एकच: सौना किती तापतो आणि दगडांवर पाणी टाकता येतं का? एका मोठ्या कंपनीचा पोरगा गोड आवाजात म्हणाला, "पाणी टाकायची परवानगी नाही, आणि पोहण्याचा पोशाख सक्तीचा आहे." बाबांना सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. "पोशाख? सौनात?"

२० ऑगस्ट

सापडलं!! जहाजाचं नाव 'टीरा'. छोटं, जुनं, एकच घराणं चालवतं. तुर्कूहून निघून बेटाबेटांमधून, पाच दिवस. रोज दुपारी अकॉर्डियनवाला बँड. बँडसमोर खिडकीकडेला बाकं. कपडे घरचेच. बाहेरची, खिडकीवाली खोली, आणि तीही मोठ्या जहाजातल्या आतल्या खोलीच्या भावात. फोनवरच्या बाईंना विचारलं, "दगडांवर पाणी टाकता येतं का?" बाई चिडल्या. "मग काय सूप टाकायचं?"

तिथेच आरक्षण केलं.

आई टाळ्या वाजवत स्वयंपाकघरभर फिरली. बाबांनी जहाजाचा फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "बरं आहे." मग म्हणाले, "तिसरा पलंग भिंतीतून खाली येतो असं दिसतंय. तूही चल."

मी एक गोष्ट पुरी केली. तारीख लिहून ठेवते — वरती आहेच म्हणा.

२९ ऑगस्ट

चार दिवस म्हटले होते, महिना होत आला. बेकरीत सकाळचं काम मिळालंय. पिठाचा वास केसांतून जात नाही.

१ सप्टेंबर

दादा: "जुनं आहे ते. बुडालं म्हणजे?" झोप उडाली. काउकोकाकांना फोन केला, त्यांना सगळी जहाजं ठाऊक. म्हणाले, "टीरा ना? मागच्या वर्षी आमच्याच लोकांनी तळ बदललाय. तुझ्या दादापेक्षा मजबूत आहे." मी हुश्श केलं आणि नेहमीप्रमाणे तोंड चालूच राहिलं — कोणत्या तारखेला, कुठून, सौना कसा, सगळं. मग आठवलं! बाबा लपायला चाललेत आणि मी ते कोणाला सांगतेय? "काका, कोणाला बोलू नका." ते म्हणाले, "मी? छे." आणि मागे कोणीतरी हसलं.

१८ सप्टेंबर

निघालो. पेपरात ओळ आलीय. पहिल्यांदाच खरी. आईनं ती कापून पर्समध्ये ठेवली. बाबा धक्क्यावर वाकून जहाजाचा सांधा बघायला लागले. "बाबा!" म्हटलं. सरळ झाले.

१९ सप्टेंबर

वाढदिवस. आणि सत्यानाश!

सकाळ छान गेली. सामन माशाचं सूप, बाहेर खडक आणि बर्चची पिवळी झाडं. बाबा खिडकीच्या बाकावर, आई बँडजवळ — मी मनात मांडलं होतं अगदी तस्सं. दुपारी बाबा सौनाला गेले. मी डेकवर. पुरुषांच्या सौनाचं दार उघडलं, वाफ बाहेर आली, आणि वाफेतून टॉवेल गुंडाळलेले यार्डातले वेल्डर! एकामागून एक. लाल, ओले, गात. सगळ्यात पुढे काउकोकाका. "सायमी पोरी! आत आहे तो सगळ्यात वरच्या फळीवर. इथून पळणार कुठे? समुद्र आहे!"

काल रात्रभर खोल्यांत दडून बसले होते म्हणे. जेवायलाही बाहेर आले नाहीत. मला रडूच फुटलं. बाबांनी एकदाच विश्वास ठेवला आणि मी बडबडले.

बाबा सगळ्यात शेवटी आले. चेहरा उकडलेल्या बीटसारखा. रागावलेत की नाही कळेना. मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं." ते कठड्याशी उभे राहिले, अंगातून वाफा निघतायत. "सौना चांगला तापतो," म्हणाले. बस्स.

मग कोळंबीचा खारा केक आला. काकांनी मांडीवर धरून आणलेला, त्यामुळे एका बाजूनं बसका. बाबांनी स्वतः कापला. पहिला तुकडा आईला, दुसरा मला. आई प्रत्येकाबरोबर नाचली. एकानं तिच्या पायावर पाय दिला तेव्हा बाबा मोठ्यानं हसले. इतकी वर्षं मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

तरी मनात खुटखुट आहेच. माणूस लपायला आला होता.

२३ सप्टेंबर

परत. दादाचा फोन आला, "काय, बुडालं नाही?" बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "छप्पर गळू दे. तू पुढच्या वर्षी टँगो शिकून ये." ठेवला.

२६ सप्टेंबर

बेकरीत काउकोकाका आले, राय धान्याचा काळा पाव घ्यायला. म्हटलं, काका, तुम्ही शब्द मोडलात. त्यांनी पाव परत खाली ठेवला. "कसला शब्द? तू फोन केलास त्याच्या आधीच आमची तिकिटं निघाली होती. दडून बसलो ती तुझी गंमत करायला. टोर्स्टी यार्डाच्या कॅन्टीनमध्ये आला होता, तू जहाज ठरवलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी. जन्मात तिथे बोलला नाही तो माणूस, आणि उभा राहून म्हणाला — माझ्या पोरीनं जहाज निवडलंय. ज्याला बघायचंय त्यानं यावं."